उलटा धरलेला नकाशा

ती बाई माझ्या भुवईकडे टक लावून बघत होती, आणि तिथूनच माझी दुपार बिघडली. रॉटरडॅमहून दोर्द्रेख्तला जाणाऱ्या बोटीत कोणी कोणाकडे असं बघत नाही. लोक खिडकीबाहेरच्या पाण्याकडे बघतात, नाहीतर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात, आणि मला ते फार सोयीचं वाटतं. मी कचेरीतून लवकर निघाले होते. मेरेलच्या शाळेत पालकभेट होती, दहा मिनिटांची. दहा म्हणजे दहाच. दाराबाहेर पुढचे पालक घड्याळ बघत उभे असतात. त्या दहा मिनिटांत माझी पंधरा वर्षांची पोरगी शाळेला सांगणार होती की पुढच्या वर्षापासून फिजिक्स आणि वरचं गणित घ्यायचं की सोडायचं. एकदा सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद. हे तिला ठाऊक होतं आणि मला तर फारच चांगलं ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस आम्ही दोघी या विषयाच्या कडेकडेने चालत होतो, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालावं तशा. "काय ठरवलंस गं?" "अजून काही नाही." "बरं. तुझं तूच ठरव हं." एवढंच बोलणं, मग बटाट्याची सालं, भांडी, दिवा बंद. मेरेलचा बाप ग्रोनिंगेनला, त्याच्या दुसऱ्या संसारात. त्याने फोनवर अंगठा पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, तिला आवडेल ते. आमच्या घटस्फोटानंतर आम्हा दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असेल.

"माफ करा हं," ती बाई म्हणाली, "पण तुमची ही भुवई..." माझ्या डाव्या भुवईत एक खाच आहे. लहानपणी गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करताना तोंडावर आपटले होते, तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. बाई असेल पंचेचाळिशीची. अंगात नारिंगी जाकीट, पायांत चिखलाने भरलेले जाड बूट, मांडीवर हेल्मेट. "तुम्ही पोस्टरवरच्या ना? 'पुढचा पूल तुझा'?" इतक्या वर्षांत हे वाक्य कोणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मला वाटत होतं ते कधीच रद्दीत गेलं. मी "हो" म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. साधं डोकं हलवून खिडकीबाहेर बघायला हवं होतं, बोटीतले सगळे बघतात तसं. "अगं बाई!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मान वळवली. "मला वाटलंच! आमच्या फिजिक्सच्या वर्गात होतीस तू, फळ्याशेजारी. तू म्हटलं तर चालेल ना? इतकी वर्षं रोज बघितलंय तुला, आता अहो-जाहो काय करायचं! मी हेस्तर. तुझ्यामुळे इंजिनिअर झाले बघ मी." आणि तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि खरखरीत. माझा हात मऊ आहे, मी दिवसभर टाइप करते.

काय टाइप करते तेही सांगून टाकते. नदीकाठच्या पाच-सहा नगरपालिकांची पत्रकं आमच्या कचेरीतून जातात. रस्ता खणायचा असेल, पूल बंद ठेवायचा असेल, बांधाचं काम निघालं असेल, की घरोघर कागद टाकायचा. अमुक दिवसापासून तमुक पूल तांत्रिक कारणास्तव बंद राहील, होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तांत्रिक कारण काय असतं हे मला कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. धंदाच दिलगिरीचा माझा. दुसऱ्यांनी बांधायचं, मी माफी मागायची. म्हणून हेस्तरने जेव्हा अगदी गृहीत धरून विचारलं, "मग तू कशात आहेस? बांधकामातच ना?", तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पुलांच्याच कामात असते." आणि निर्लज्जपणा बघा, हे पूर्ण खोटंही नव्हतं. "वा! कुठला पूल चाललाय सध्या?" "डागडुजीच जास्त," मी म्हणाले. तिने जोरजोरात मान हलवली. "खरंय गं. नवं कोण बांधतंय आता? सगळं जुनं सांभाळायचं. पण लोकांना काय, नुसती बोंब, पूल बंद का म्हणून." मी हसले. ती बोंब थंड करायचं काम माझंच, हे मात्र गिळून टाकलं. बोट एका धक्क्याला लागली, कोणी सायकली उतरवल्या, कोणी चढवल्या. मला वाटलं, ही इथे उतरेल तर बरं. उतरली नाही.

त्या पोस्टरचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो, आणि मला तो आठवायचा नसतो. मीही तेव्हा पंधराचीच. हेगहून सरकारी मंडळी आली होती. मुलींनी गणित-फिजिक्स सोडू नये म्हणून देशभर पोस्टर लावायचं होतं, आणि त्यांना एक खरीखुरी शाळकरी मुलगी हवी होती. वर्गात सगळ्यांना उभं केलं. फिजिक्समध्ये मला दहापैकी सात होते आणि सात म्हणजे आमच्याकडे शाबासकीच, पण मला त्यासाठी निवडलं नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, हिचे केस उन्हात चमकतील. नदीच्या मुखापाशी लॉकगेटचं काम चाललं होतं, बोटी आत-बाहेर सोडायची दारं, तिथे आम्हाला नेलं. हेल्मेट मोठं होत होतं म्हणून त्यात कोणाचा तरी मफलर कोंबला. हातात नकाशा दिला, भला मोठा, निळ्या रेघांचा. कुठल्याशा इंजिनिअरच्या टेबलावरून उचलला होता, तो जेवायला गेला होता म्हणे. "कागदाकडे बघू नकोस!" फोटोग्राफर ओरडत होता. "वर बघ! भविष्याकडे!" मी विचारलं, "भविष्य कुठेय?" "क्रेनच्या डावीकडे!" सगळे खो-खो हसले, मीसुद्धा. मधल्या वेळात ते लेन्स बदलत होते तेव्हा मी त्या पोलादी दाराला हात लावला होता. दार हलकंसं थरथरत होतं. पलीकडे सबंध नदी रेटत होती आणि माझ्या तळहाताला ते कळत होतं. हे दार एवढं पाणी अडवतं कसं, त्याला बाहेरून तर काहीच टेकू नाही. मी शेजारच्या माणसाला विचारलंही. तो म्हणाला, "ए पोरी, हेल्मेट सरळ कर." पण मला त्या दिवशी जे वाटलं ते खरं वाटलं होतं. उघड सांगायचं तर मला ते दार हवं होतं. कसं होतं ते कळायला हवं होतं, आणि मग तसलं एक स्वतः करायला हवं होतं. इतकी स्पष्ट इच्छा मला आयुष्यात फार वेळा झालेली नाही.

"आणि तो नकाशा!" हेस्तर म्हणत होती. बोट परत निघाली होती, इंजिनाचा आवाज बाकातून पाठीत शिरत होता. "तो उलटा धरला होतास ना तू!" "उलटा?" "अगं, खालची बाजू वर! कोपऱ्यातली अक्षरं फार बारीक, कोणाच्या लक्षात यायची नाहीत. पण मी फळ्याशेजारीच बसायचे. एक दिवस बघितलं की आकडे डोक्यावर उभे आहेत. म्हटलं, हे काय? मग मान वाकडी करून रोज थोडं थोडं वाचायला लागले. मास्तर शिकवतायत आणि मी पोस्टर वाचतेय. लॉकगेटची जोडी होती ती. दोन झडपा मधे टोक करून मिटतात, आणि पाणी जितकं रेटेल तितक्या घट्ट बसतात. हे मला कोणी शिकवलं नाही, तुझ्या हातातल्या कागदावरनं कळलं! मास्तरांना विचारलं तर ते चाट पडले." ती माझ्याकडे वाकली. "खरं सांग हं, मुद्दाम होतं ना ते? मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, ती परीक्षा होती. जिच्या लक्षात येईल तिच्यासाठीच ते पोस्टर." आणि माझ्यातल्या कोण जाणे कुठल्या बयेने तोंड उघडून सांगितलं, "हो, मुद्दामच होतं." हेस्तरने आपल्याच मांडीवर थाप मारली. "बघ! माझा नवरा म्हणतो तू काहीतरीच!" आता काय सांगायचं होतं मी तिला? की सबंध दुपार तो कागद माझ्या हातात होता आणि मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही? की माझ्या तळहाताने जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर माझ्याच अंगठ्याखाली छापलेलं होतं, आणि मी क्रेनच्या डावीकडे बघत होते?

ती पुढचं काही बोलत होती. गुरुवारी तिच्या खात्यात मुलींना बोलावलंय, पुलाच्या आत नेऊन दाखवणार आहेत, तुझी मुलगी असेल तर पाठव ना. मी हो हो करत होते आणि माझ्यासमोर आईचं स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. चार वाजताचा चहा, डब्यातून एक बिस्कीट आणि लगेच झाकण बंद. फोटो काढून थोडेच दिवस झाले होते आणि विषय निवडायचे होते. आईने मला विचारलं, "मजा येते का तुला फिजिक्समध्ये?" मी विचारात पडले. मजा? मजा पोहायला येते, मजा शनिवारी बाजारात येते. फिजिक्समध्ये डोकं दुखतं, रडू येतं, आणि मग कधीतरी एखादं गणित सुटलं की अंगावर काटा येतो. त्याला मजा म्हणतात का, हे मला ठरवता येईना. मी म्हटलं, "मजा अशी नाही..." "मग?" आई म्हणाली. "कशाला जिवाला त्रास? पण मी काही म्हणणार नाही हो. तुझं तूच ठरव." आई चांगली होती. तिच्या वेळी तिच्या बापाने तिला परस्पर शिवणाच्या शाळेत घातलं होतं, आणि आपल्या मुलीवर कधीही काही लादायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिने शब्द पाळला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. मला वाटत होतं, ही आता म्हणेल, घे गं, बघू तर काय होतं. तिने कप विसळले आणि मी फिजिक्स सोडलं.

पोस्टर आलं तेव्हा मी इतिहासाच्या वर्गात होते. शाळाभर चिकटवलं. पोरांनी आठवड्याभरात मला मिशा काढल्या. ब्लोम सर, आमचे फिजिक्सचे, मिशा पुसत होते तेव्हा मी तिथून चालले होते. "आन्के," ते म्हणाले, "सोडलंस म्हणे?" "हो सर." त्यांनी फडकं पिळलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पोस्टरकडे बघितलं. "बरं. तुझा निर्णय," ते म्हणाले. मी दारात रेंगाळले. उगाचच दप्तराचा पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. ते आणखी काही बोलले असते, नुसतं "वेडी आहेस का?" म्हणाले असते, तरी मी परत फिरले असते. पण ते सभ्य गृहस्थ होते. मला कोणीच अडवलं नाही, हेच तर माझं दुखणं आहे. अडवलं असतं तर मी भांडले असते, मी भांडकुदळ आहे, विचारा कोणालाही. मुलीची जात आणि पूल कसली बांधतेस, असं कोणी एक जण जरी म्हणाला असता तरी मी त्याच्या नाकावर टिच्चून बांधला असता. इथे सगळे बाजूला सरकून उभे राहिले, मला वाट मोकळी करून दिली, आणि एवढ्या मोकळ्या वाटेवर एकटीने पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. याचा राग कोणावर काढायचा? आईवर काढावा तर तिने काय केलं? काहीच केलं नाही.

आणि मी तरी काय केलं? मेरेल सहा वर्षांची असताना तिने माझ्या सायकलचा दिवा उकलला. मी तिला बशी दिली, स्क्रू हरवू नयेत म्हणून, आणि म्हटलं, छान. नंतर घरातलं घड्याळ, मग केस वाळवायचं यंत्र. प्रत्येक वेळी बशी आणि छान. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी तिला कधी कळू दिलं नाही. मी ठरवलं होतं, आपली राहिलेली हौस पोरीच्या गळ्यात मारायची नाही. आमच्या शेजारच्या घरातली बाई कशी, स्वतःला गाता आलं नाही म्हणून मुलाला पियानोला जुंपते, तसलं आपल्याला करायचं नाही. मला वाटायचं केवढा मोठा हा माझा समजूतदारपणा. आता बोटीत त्या नारिंगी जाकिटाशेजारी बसून मला प्रथमच वाटलं, मी आईचंच करतेय. चहाऐवजी कॉफी, एवढाच फरक. मी घड्याळ बघितलं. अजून उशीर झाला नव्हता. दहा मिनिटं पुरे होती, दहा सेकंदं पुरे होती. घे, तुला जमेल, मला वाटतं तू घ्यावंस. धक्क्यावर हेस्तरने मला मिठी मारली. "मी घरी सांगणारे तू भेटलीस म्हणून," ती म्हणाली. मी सायकल सोडवली आणि वाऱ्याशी झटत शाळेकडे निघाले. वाटभर ते वाक्य मोठ्याने घोकत होते. सिग्नलला एका पोराने माझ्याकडे बघून बोट कानशिलावर फिरवलं. फिरव म्हटलं बाबा.

मेरेल वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभी होती, कानात गाणी. "आलीस?" म्हणाली. आत तेउन बसला होता, तिचा वर्गशिक्षक; हल्ली मास्तरांना नावाने हाक मारतात. तिशीचा, हसतमुख, मोजे दोन रंगांचे. टेबलावर त्याने मोबाईलचं घड्याळ लावून ठेवलं होतं. "तर मेरेल! फिजिक्स सहाच्या वर, साताच्या खाली. जमेल, पण घाम गाळावा लागेल. भाषा तुझ्या झकास आहेत, त्यात काही प्रश्नच नाही. तुला मजा कशात येते?" मेरेलने खांदे उडवले. "माहीत नाही." "पण मी कोण सांगणारा!" तेउन हसला. "निवड तुझी. आईचं काय म्हणणं?" आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मेरेलने कानातलं काढून मुठीत धरलं होतं. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं, वाटभर घोकलेलं. पण त्या खोलीतली हवा मला ओळखीची होती. सगळे इतके छान वागत होते, कोणी कोणावर काही लादत नव्हतं, आणि त्यात असं काही बोलणं म्हणजे चारचौघांत आरडाओरडा केल्यासारखं वाटलं. पोरीवर दडपण आणणारी आई. तेउन काय म्हणेल, मेरेल नंतर कधी रडली तर काय म्हणेल. "माझं काही म्हणणं नाही," मी म्हणाले. "ती खूश असली की झालं. तिचं तिनेच ठरवावं." माझा आवाज इतका समजूतदार होता की तेउनने कौतुकाने मान हलवली. मेरेल माझ्याकडे एक क्षण बघत राहिली. मग म्हणाली, "मग सोडते." "पक्कं?" "हो." "छान! शुक्रवारपर्यंत विचार बदलला तर कळव," तेउन म्हणाला, आणि अजून बराच वेळ उरला होता म्हणून आम्ही सहलीबद्दल बोललो.

बाहेर वारा वाढला होता. आम्ही कुलुपं काढली, निघालो. ती पुढे, मी मागे. ती फार जोरात चालवत होती, किंवा मला दम लागला होता. तिच्या पाठीवरच्या दप्तराकडे बघत मी स्वतःला यच्चयावत शिव्या घालत होते. बंदराच्या तोंडाशी घंटा वाजायला लागली, लाल दिवे लागले, आडवा दांडा खाली आला. उचलपूल वर जाणार होता, एक मालवाहू नाव खोळंबली होती. सायकलवाल्यांची गर्दी जमली, आणि तिच्यापर्यंत पोचायला मला तेवढाच आधार. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रस्त्याचा तो अख्खा तुकडा, त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट, हळूहळू उभा राहत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "एवढा जड पूल वर जातो कसा गं?"

"मागे वजन असतं ना," मेरेल म्हणाली. "तिथे, रस्त्याखाली तळघरासारखी जागा आहे. पूल वर जातो तेव्हा ते वजन खाली बसतं. सी-सॉ असतो तसं. त्यामुळे मोटर अगदीच छोटी लागते, तुला खरं वाटणार नाही." ती पुलाकडेच बघत होती. "ऐकू येतंय? डाव्या बाजूने कुरकुरतंय बघ. आधी नव्हतं. डावीकडचं बेअरिंग गेलंय बहुतेक. नाहीतर वजन नीट बसत नसेल, पण मग उजवीकडेही आवाज आला असता." मी ऐकलं. खरंच येत होता, बारीक, रडका आवाज. येत्या सोमवारपासून हा पूल बंद राहणार होता. ते पत्रक गेल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं. तांत्रिक कारणास्तव.

"मेरेल," मी म्हणाले, "फिजिक्स घे."

ती वळली. "काय?"

"घे. तुला जमेल. तू घ्यावंस असं मला वाटतं. केव्हापासून वाटतंय."

"आता?" ती एवढंच म्हणाली. मग तिचे डोळे भरले, आणि तिला त्याचाच राग आला. "आत तो विचारत होता तेव्हा काय झालं होतं तुला? मी थांबले होते ना. मी मुद्दाम माहीत नाही म्हणाले. घरीसुद्धा रोज थांबत होते, तू काहीतरी बोलशील म्हणून. तुझं तूच ठरव, तुझं तूच ठरव! मला वाटलं, आईला माहीत आहे मला जमणार नाही ते, पण वाईट वाटू नये म्हणून बोलत नाही."

"नाही गं. तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

नाव उघड्या पुलातून चालली होती, लांबलचक, वाळूने भरलेली. कठड्यावर एक कुत्रा आमच्याकडे बघून भुंकत होता. माझ्या डोक्यात आईचं स्वयंपाकघर होतं, विसळलेले कप होते, आणि एकदम मनात आलं की आईलाही हे असंच वाटत असेल तर? तिच्याही जिभेच्या टोकावर काही असेल तर? ती जाऊन आता बारा वर्षं झाली. मी म्हटलं, "मला स्वतःला व्हायचं होतं. इंजिनिअर."

मेरेल माझ्याकडे बघतच राहिली. "तुला?"

"हो. त्यात एवढं काय?"

"पण तुला तर पूल आवडत नाहीत."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? दिसतं ना," ती म्हणाली. राग गेला होता, आता ती नुसतीच गोंधळलेली होती. "पूल वर जायला लागला की तू तोंड फिरवतेस. नेहमी. मी लहान होते, तुझ्या सायकलच्या पुढच्या सीटवर बसायचे, तेव्हापासून. मी म्हणायचे आई बघ, आई बघ, आणि तू त्या बाजूला कुठेतरी बघत असायचीस. मग मी म्हणायचं सोडलं. म्हटलं, आईला कंटाळा येतो."

पूल खाली आला, जागेवर टेकला, दांडा वर गेला. मागचे लोक घंट्या वाजवायला लागले. "शुक्रवारपर्यंत बदलता येतं ना?" मी विचारलं. तिने बाहीने नाक पुसलं. "बघू," ती म्हणाली. "चल ना आई, लोक खोळंबलेत." आणि ती निघाली. मीही निघाले. पुलाच्या सांध्यावरून चाक धडधडलं तेव्हा मी मान खाली घालून बघितलं. फटीतून पाणी दिसत होतं, काळं आणि बऱ्यापैकी खोल. वजन कुठल्या बाजूला असतं म्हणाली होती ते मला आठवेना. विचारावं म्हणून मी मान वर केली, पण मेरेल तोवर पलीकडच्या वळणावरून दिसेनाशी झाली होती.